मंगळवार-शुक्रवारची गाडी

माझी गाडी पांढरी आहे. चार दारं, मागं डिकी, आणि लांबीला चार मीटरच्या आत. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांनी मला फुकट काही दिलं नाही, मी त्यांची फुकट जाहिरात करणार नाही. दौंडच्या स्टँडवर दहा टॅक्स्या उभ्या असल्या तर त्यातल्या सहा तरी तीच असतात, तेवढ्यावरून शहाण्यानं ओळखावं.

हा अंक काढणारे गुरुजी माझे जुने गिऱ्हाईक. ते म्हणाले, मामा, धंद्यातले अनुभव लिहा. मी म्हणालो, माझी शाळा चौथी. ते म्हणाले, बोलता तसं लिहा, बाकीचं आम्ही बघतो. म्हणून बोलतो तसं लिहितोय. कुणाला टोचलं तर गुरुजींना बोला.

मी वरवंडचा. जन्म सगळा स्टेअरिंगवर गेला. आधी दुसऱ्याचा टेम्पो, मग स्वतःची जीप. दौंड ते शिरूर वडाप करायचो. ज्यांना वडाप ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणसं भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि भरली की आणखी दोन घ्यायची. तीस वर्षं मी दाराला लोंबकळणारी माणसं नेली. देवाच्या दयेनं एकही पडला नाही. यात माझी हुशारी काही नाही.

डिकीची गाडी घ्यायची ही अक्कल माझी नव्हे, सुमनची. सुमन माझी बायको. तिला जाऊन दीड वर्ष झालं. जिती असताना मी तिला कधी नावानं हाक मारली नाही. ती मला ‘अवं’, मी तिला ‘अगं’. कागदावर नुसतं ‘अगं’ लिहून भागत नाही म्हणून नाव लिहितोय.

जीप म्हातारी झाली तेव्हा मी तिच्याच जातीची दुसरी बघत होतो. सुमन म्हणाली, “आता ह्या वयात दारात उभं ऱ्हाऊन ‘शिरूर, शिरूर’ वरडनार हाय का? डिकीची गाडी घ्या. लगनं धरा.”

“छोटी घेतो की. स्वस्तात पडंल.”

“छोटी मागनं कापल्यावानी दिसती. तिच्यात कोन नवरदेव बसंल?”

खरं होतं. आमच्या भागात गाडीची उंची, इंजिन, पिकअप कुणी विचारत नाही. डिकी आहे का, एवढंच विचारतात. डिकी असली की ती मोठ्या माणसाची गाडी. मोठी डिकीवाली परवडत नाही, म्हणून कंपनीनं ही आखूड डिकीची काढली. पुढनं छोटी, मागनं मोठी. गरिबाच्या इज्जतीला चार मीटरमध्ये बसवलं. मी त्यांना यासाठी मनापासून हात जोडतो.

आणि ही डिकीची गाडी घेऊन मी पहिलं काम काय केलं, तर तिच्यात गॅसची टाकी बसवली. गॅस पेट्रोलपेक्षा परवडतो, सगळे बसवतात, मीही बसवली. टाकी कुठं बसते? डिकीत. आडवी, डुकरासारखी पडलेली असते. ज्या डिकीसाठी गाडी घेतली ती डिकीच गेली, हे माझ्या डोक्यात पहिल्या लग्नापर्यंत आलं नाही.

पहिलं लग्न पाटसचं. नवरी द्यायची होती न्हावऱ्याच्या बाजूला. पाठवणीची रडारड चाललेली, आणि नवरीचा मामा रुखवताचा तांब्याचा हंडा घेऊन मागं आला. मी डिकी उघडली. मामा टाकीकडं बघतोय, मी मामाकडं.

तो मला म्हणाला, “मामा, डिकी हाय म्हनला व्हता न्हवं?”

“हाय की.”

“मग ह्यो रानडुक्कर कशाला कोंडलाय तिच्यात?”

“ग्यासची टाकी हाय ती.”

“आन् हंडा कुठं ठिवू? तुमच्या डोक्यावर?”

नवरी रडता रडता हसायला लागली. मग तिची आई हसली. शेवटी हंडा नवरीच्या मांडीवर दिला, आणि ती चाळीस किलोमीटर त्याला पोटाशी धरून गेली. सासरी उतरली तेव्हा सासू म्हणाली, “पोरगी कामाची दिसती, भांडं सोडंना.” तिला आता दोन पोरं आहेत. रस्त्यात दिसली की अजून विचारते, “मामा, डुक्कर हाय का अजून?”

घरी येऊन मी सुमनला सांगितलं. ती हसली नाही. टेप घेऊन डिकीत शिरली, टाकीच्या दोन्ही बाजूला किती जागा उरते ते मोजलं, आणि खताच्या रिकाम्या गोण्यांच्या लांबट पिशव्या शिवल्या. दोन कडेला, एक वर. त्या दिवसापासून गिऱ्हाइकाची बॅग मी घेत नसे, सामान घेत असे. बॅग रिकामी करायची, सामान पिशव्यांत भरायचं. पुण्याच्या विमानतळावर एका साहेबांनी यावर फार आरडाओरडा केला होता. पण सामान सगळं बसलं.

आता गाडीबद्दल कुणी घ्यायच्या विचारात असेल त्याच्यासाठी सरळ सांगतो. ॲव्हरेज चांगलं देते. पार्ट कुठल्याही गॅरेजात मिळतो, पाटसला नाही मिळाला तर दौंडला मिळतो. मागं दोन माणसं सुखानं बसतात. तिसरा बसतो, पण तो मधला माणूस उतरताना कुणाशी बोलत नाही. पाच जण असले की गतिरोधकावर पोट घासतं, तेव्हा तिरकी घालायची. एसी माघात गार लागतो आणि वैशाखात नुसता आवाज करतो. दार जोरात आपटू नये. आमच्याकडं जीपची सवय, त्यामुळं सगळे आपटतात. ही गाडी नाजूक आहे, पण मान मोडून काम करते. माझ्याकडं तिला नऊ वर्षं झाली. इंजिन एकदाही खोललेलं नाही.

विचित्र गिऱ्हाइकांची तर ददात नाही. वढू बुद्रुकला समाधीच्या दर्शनाला नेलेला एक जण जाताना येताना एक अक्षर बोलला नाही, आणि उतरताना म्हणाला, तुमचं बोलणं आवडलं. पण खरी मजा मुलगी बघायला जाणाऱ्यांची. एका मुलाच्या बापानं गाडी ठरवली आणि निघताना झेंडूचा भला मोठा हार आणला. मला वाटलं देवाला. तर त्यानं तो पुढच्या नंबरप्लेटवर बांधला. टॅक्सीची पाटी पिवळी असते. ती झाकली की गाडी घरची. मागच्या पाटीला दुसरा हार.

मला म्हणाला, “मामा, तिथं तुम्ही आमचे चुलते.”

“चुलता गाडीतच बसून ऱ्हानार का पव्हे खायला येनार?”

“पव्हे खायला या, पर बोलू नगा.”

मुलीकडं पोचलो. ओट्यावर मुलीची आजी बसली होती, नव्वदीची. तिनं हारांकडं बघितलं, आणि मोठ्यानं म्हणाली, “आगं बया, पोरगी बघायच्या आधीच गाडी सजवून आनली. आज लगीन लावूनच न्यायची का काय?” पोहे खाताना मुलीच्या बापानं मला विचारलं, “चुलते काय करतात?” मी म्हणालो, “भाडं.” लग्न जमलं. खोटं पचलं नाही म्हणूनच जमलं, असं मला वाटतं.

हे सगळं मजेचं झालं. आता जे लिहायला बसलोय ते लिहितो.

एवढी वर्षं लोकांच्या बायका, सुना, नवऱ्या त्या गाडीतून नेल्या. आजारी पडेपर्यंत सुमन तिच्यात किती वेळा बसली? बोटांवर मोजून सांगतो, चार वेळा. एकदा पूजेला, दोनदा न्हावऱ्याला माहेरी, एकदा पोराच्या, संतोषच्या, घरभरणीला. मीच कधी चल म्हणालो नाही. आणि तिला म्हणालो असतो तरी ती म्हणाली असती, “गिऱ्हाइकाची गाडी हाय, मळंल.” सकाळी पुसायची मात्र ती. मी पुसलेली तिला पटायची नाही.

मग तिची मूत्रपिंडं गेली. डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं. ज्यांच्या घरात हे नाही त्यांना सांगतो. रक्त शरीरातून बाहेर काढून मशिनमधून धुतात आणि परत आत सोडतात. चार तास लागतात. तिला आठवड्यातून दोनदा होतं, मंगळवारी आणि शुक्रवारी. चुकवलं की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, धाप लागते. एक खेप चुकवून माणूस तगतो, दुसरी चुकवायला तो राहील याचा भरवसा नाही. आणि मशिनं थोडी, माणसं फार. म्हणून नंबर लागावा लागतो. दौंडात तेव्हा जागा नव्हती. शिरूरच्या एका दवाखान्यात तिचा नंबर लागला, मंगळवार-शुक्रवार, सकाळचा.

त्या दिवसापासून मंगळवार-शुक्रवारचं भाडं मी धरलं नाही. वरवंड, चौफुला, केडगाव, पारगावचा भीमेवरचा पूल, न्हावरे, शिरूर. तोच रस्ता, ज्यावर मी तीस वर्षं वडाप केलं.

ती मागं बसायची, माझ्या बरोबर पाठीमागं. पुढं बस म्हणायचं मला सुचलं नाही आणि तिनं विचारलं नाही. मी आरसा असा लावला की ती दिसावी. आमचं सगळं बोलणं त्या आरशातून. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झालेली, पण असं सलग दीड तास आम्ही कधी बोललोच नव्हतो. घरी ती चुलीपाशी, मी बाहेर. आता गाडीत पळायला जागा नव्हती, तिला पण आणि मला पण.

एकदा न्हावऱ्याच्या अलीकडं ती म्हणाली, “तुम्हाला एक सांगायचं ऱ्हायलंय. मी एकदा तुम्हाला सोडून चालले व्हते.”

मी आरशात बघितलं. “कवा?”

“संतोष पोटात असताना. सासूबाई बोलल्या, तुम्ही गप बसला. पिशवी घेतली आन् पाटसच्या स्टँडवर गेले. माहेरी जायचं, परत यायचं न्हाई.”

“मग?”

“मग काय. समोर तुमचीच जीप. तुम्ही ‘शिरूर, शिरूर’ वरडत व्हता. माझ्या डोईवर पदर व्हता. मला म्हनला, ‘चला बाई, एकच सीट हाय.’ बघितलं पन न्हाई माझ्याकडं.”

“आन् तू?”

“तुमच्याच गाडीत बसून तुम्हाला सोडून कशी जानार? आले माघारी. आन् घरी येऊन भाकरी थापल्या.”

मी गाडी कडेला घेतली. मला हसू आवरत नव्हतं. ती म्हणाली, “हसू नगा, चला, नंबर जाईल.” हसून झाल्यावर मला जे वाटलं ते मी तिला बोललो नाही. ते बोलायला पाहिजे होतं. गाडी थांबवलेली होती, वेळ होता.

चार-पाच महिन्यांनी तिनंच गाडी भरली. दवाखान्यात तिच्या शेजारच्या पलंगावर केडगावच्या हसीनाभाभी असायच्या. तांबोळ्यांच्या घरातल्या. पोरगा कुरकुंभला कंपनीत पाळीला, म्हणून एसटीनं एकट्या यायच्या. दुसरे पारगावचे गुलाबआप्पा. ऊस बक्कळ, दोन पोरं, दारात दोन मोठ्या गाड्या, आणि दोन्ही गाड्या कायम कुणाच्या तरी प्रचाराला किंवा मीटिंगला गेलेल्या.

सुमन म्हणाली, “गाडी रिकामी जाती. त्यांना बसवा की.” म्हणून बसवलं. गॅसच्या पैशांचं ते आपापसात बघायचे, मी त्यात पडलो नाही.

आप्पा पुढं. त्यांच्या डाव्या हाताला फिस्टुला होता, म्हणजे सुई टोचायची शीर तयार केलेली. त्यावर दाब पडलेला चालत नाही. म्हणून पट्ट्याखाली मी पंच्याची घडी घालायचो. भाभींना परत येताना मळमळायचं, तेव्हा पुलाच्या अलीकडं लिंबाखाली पाच मिनिटं थांबायचं. कुणाचं बीपी उतरलं तर सीट किती मागं पाडायची, हे मला डॉक्टरपेक्षा जास्त कळायला लागलं. हा पण धंदाच आहे, याचं लायसन कुणी देत नाही एवढंच.

आप्पा बसले की रोज एकच बोलायचे, “तुझी गाडी लई खाली हाय. खड्ड्यात बसल्यावानी वाटतं.”

भाभी मागून म्हणायच्या, “मग तुमची उंच गाडी आना की आप्पा. आमी शिडी लावून चढू.”

“माझी गाडी मीटिंगला गेलीय.”

“मग खड्ड्यातच बसा.”

सुमन तोंडाला पदर लावून हसायची. मला आरशात दिसायचं. अशी दोन वर्षं गेली. उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या, धुकं आलं, पारगावच्या पुलावर दोनदा तासभर अडकलो, पण त्या दोन वर्षांत मंगळवार-शुक्रवारी गाडी एकदाही बंद पडली नाही. एरवी पडली. बुधवारी पडली, रविवारी पडली. मंगळवार-शुक्रवारी नाही. मी त्या गाडीच्या पाया पडतो, ते उगीच नाही.

सुमन शुक्रवारी डायलिसिस करून आली, शनिवारी दुपारी गेली. झोपेत. त्यावर जास्त लिहीत नाही.

सोमवारी आम्ही सावडून आलो. दुसऱ्या दिवशी मंगळवार.

घरात सुतक. आलेली माणसं ओट्यावर बसलेली. माझे चुलतभाऊ आबा, ऐंशीच्या पुढचे, त्यांच्या शब्दाबाहेर घरात कुणी जात नाही. मी सकाळी उठून गाडीवरचं कापड काढलं. आबा म्हणाले, “कुठं?”

“शिरूरला.”

“दहा दिस झाल्याबिगर गाडी काढायची न्हाई.”

“आबा, आज मंगळवार हाय.”

“मंगळवार दर हप्त्याला येतो.”

“त्येच म्हनतोय मी. त्या दोघांचा पन येतो.”

पोरगा संतोष रांजणगावला कंपनीत असतो, तो आलेला होता. म्हणाला, “दादा, मी दुसरी गाडी लावून देतो ना त्यांना.”

“दुसऱ्याला ठाऊक हाय का, भाभीसाठी कुठं थांबायचं? आप्पाची सीट कवा पाडायची?”

“मग मी येतो तुमच्यासंगं.”

“तू घरी ऱ्हा. आलेल्यांना पानी दे.”

आबा उठून आत गेले. मी गाडी काढली. सुमनशिवाय मंगळवारी पहिल्यांदा. आरशात मागची काच आणि रस्ता दिसत होता. आरसा मी हलवला नाही.

केडगावला भाभी एसटीच्या थांब्यावर उभ्या होत्या. त्यांनी धरलंच होतं की मी येणार नाही. गाडी बघून त्या मागंच सरकल्या.

“भाऊजी, तुमी कशाला आलात? घरी लोक काय म्हनतील?”

“म्हनून झालंय त्यांचं. बसा.”

“आमच्यात तीन दिस पाळतात भाऊजी. तुमच्यात तर दहा.”

“तुमच्या हिशोबानं आज चवथा हाय. बसा.”

त्या बसल्या. आपल्याच जागेवर, कडेला. मधली आणि माझ्या मागची जागा मोकळी. पारगावपर्यंत त्या मागं बसून हळू आवाजात काहीतरी म्हणत होत्या. मी विचारलं नाही. सुमनसाठीच असणार.

पारगावला आप्पा अंगणात बाजेवर बसलेले. अजून धोतर बदललेलं नाही, काठी जवळ नाही. पाय सुजून खांबासारखे. मी दार उघडलं.

“मी न्हाई येनार,” आप्पा म्हणाले. “सुतक हाय तुला.”

“सुतक मला हाय. गाडीला न्हाई.”

“मी मानतो सुतक.”

गाडीतून भाभी ओरडल्या, “तुमी मानता आप्पा, मशीन मानतं का?”

आप्पा हसले नाहीत. माझ्याकडं बघेनात. मग खाली बघून म्हणाले, “शनिवारी तू लाकडं रचलीस, आन् आज माझ्यासाठी स्टेअरिंग धरतुयास. मला न्हाई रं बसवत.”

तेव्हा कळलं, ह्यांना सुतकाचं काही पडलेलं नाही. मी बोलायला पहिल्यापासून फटकळ. म्हणालो, “आप्पा, आज न्हाई बसलात तर पुढल्या हप्त्यात तुमची लाकडं रचाय यावं लागंल. मला लागोपाठ दोनदा जमनार न्हाई.”

आप्पांनी मला एक कचकचीत शिवी दिली आणि हात पुढं केला. मी त्यांना उठवलं, पंच्याची घडी घातली, पट्टा लावला. गाडी खाली आहे असं त्या दिवशी ते म्हणाले नाहीत.

दवाखान्यात दोघं आत गेले. सिस्टरनं मला बघितलं, तिचे डोळे भरले. तिनं सुमनची फाईल माझ्या हातात दिली. म्हणाली, “मामा, ही घरी राहू दे.” मी फाईल घेऊन बाहेर चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर बसलो. चार तास मी कायम तिथंच बसायचो.

थोड्या वेळानं आतून एक माणूस आला. पंचेचाळिशीचा असेल, इस्त्रीचा शर्ट, पायांवर धूळ. हातात पेढ्याचा बॉक्स. टपरीवाल्याला दिला, बाकावरच्या दोघांना दिला, आणि माझ्यापुढं धरला.

“घ्या मामा, पेढा.”

“कशाचा?”

“मंडळीचा नंबर लागला. भांडगावचे आम्ही. सा महिनं झालं, हडपसरला नेतोय यष्टीनं. सकाळी निघायचं ते दिस मावळता घरी. ती तर दोनदा म्हनली, ऱ्हाऊ द्या आता, नगं मला हे. आन् काल सिस्टरचा फोन आला, एक जागा निघालीय. मंगळवार-शुक्रवार. म्हनलं, देव पावला.”

बॉक्स माझ्यापुढं तसाच. त्याच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

आणि मला आठवलं. सुमनचा नंबर लागला तेव्हा मी पण पेढे वाटले होते. ह्याच टपरीपुढं. दुसरं कुठलं ठिकाण असतं तर कुणी असं केलं नसतं, पण नंबर लागला म्हणजे माणूस वाचला, पेढे वाटणारच. तेव्हा बाकावर एक म्हातारा बसला होता, दाढी वाढलेली, मांडीवर फाईल. मी त्याला पेढा दिला. त्यानं घेतला, बघितला, शर्टाच्या खिशात घातला आणि उठून गेला. मी गाडीत सुमनला म्हणालो होतो, “एक जन लई माजोरी भेटला. पेढा खिशात घातला, शब्द बोलला न्हाई.”

दोन वर्षं आम्ही त्या मशिनवर काढली. जागा कुणाची निघाली होती ते मी कधी विचारलं नाही. सुमननं विचारलं असेल. ती विचारणारी होती, पण मला बोलली नाही.

सुतकात गोड खात नाहीत. आमच्या घरी त्या दहा दिवसांत चहात साखर पण नव्हती. मी पेढा घेतला आणि खाल्ला. त्याच्यासमोर. सगळा.

“तुमचं कोन असतं मामा हितं?” त्यानं विचारलं.

“दोघं हायेत आत,” मी म्हणालो. “आप्पा आन् भाभी.” खोटं बोललो नाही. फाईल उलटी करून मांडीखाली घेतली.

चार तासांनी आप्पा भिंतीला धरून बाहेर आले. त्यांचा पलंग सुमनच्या समोरचा. नवीन बाई तिथं झोपलेली त्यांनी चार तास बघितली होती. ते त्या माणसाकडं बघून तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणालो, “आप्पा, पेढा घ्या. यांच्या मंडळीचा नंबर लागलाय.”

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना साखर आहे, गोड पूर्ण बंद आहे. त्यांनी पेढा घेतला आणि तोंडात टाकला. म्हणाले, “सिस्टरला सांगू नगा.”

तो माणूस बायकोला धरून स्टँडकडं निघाला होता. ती भिंतीसारखी पांढरी झालेली. नव्या ठिकाणी पहिल्यांदा तसं होतं. मी म्हणालो, “भांडगाव ना? आम्ही चौफुल्यावरनंच जातो. बसा.”

भांडगाव चौफुल्याच्या पलीकडं, वरवंड अलीकडं. मला वाट वाकडी पडते, हे त्याला ठाऊक होतं. “मामा, उगीच तुम्हाला…”

“बसा म्हनलं न्हवं.”

तिनं मागचं दार उघडलं आणि भाभींना विचारलं, “हितं कुनी बसतं का?”

भाभींनी आरशातून माझ्याकडं बघितलं. मी पुढं बघितलं. भाभी म्हणाल्या, “बसा. तितं वारं चांगलं लागतं.”

ती माझ्या मागं बसली. नवरा मधे, मांडीवर पेढ्याचा बॉक्स. पुलाच्या अलीकडं लिंबाखाली थांबलो तेव्हा भाभींनी तिला पाणी पाजलं, कपाळ दाबलं, आणि नव्या जागी पहिला महिना कसा जड जातो आणि मग कसा हलका होतो ते सगळं सांगितलं. सुमननं त्यांना जे सांगितलं होतं तेच. भांडगावच्या फाट्यावर दोघांना उतरवलं. तो म्हणाला, “मामा, उपकार झाले.” मी म्हणालो, “शुक्रवारी हितंच थांबा. साडेसहाला. पाच मिनिटाच्या वर मी थांबत न्हाई.”

घरी आलो तर आबा ओट्यावर. शुक्रवारी सकाळी बघतो तर गाडीवरचं कापड काढून घडी घालून ठेवलेलं. ते कुणी काढलं ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून दीड वर्ष झालं, गाडी तशीच जाते. पासिंग करून घेतलं, माझे डोळे तपासून घेतले. संतोष म्हणतो, दादा, गाडी विका, आराम करा. मी म्हणतो, पाच दिवस आरामच असतो. आता फक्त हीच दोन दिवसांची गाडी आहे माझी, आणि मी सुखी आहे. हे खरं लिहितोय.

भांडगावच्या बाईंचं नाव मंगल. माझी बायको वारली एवढं त्यांना ठाऊक आहे. कधी वारली ते ठाऊक नाही. आप्पा आणि भाभींनी दीड वर्षात तोंड उघडलं नाही. पण अंक छापून येतो, लोक वाचतात, एक ना एक दिवस कुणीतरी त्यांना सांगणार. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून मी गुरुजींना हो म्हणालो. नाहीतर मला काय लिहायचंय.

मंगलबाई, ती जागा सुमनची होती. तिच्या आधी ती दुसऱ्या कुणाची होती, त्यांच्या माणसाला मी माजोरी म्हणालो, त्याची माफी मागायला तो मला सापडत नाही. तुम्ही माझ्याकडं माफी मागायची नाही, आणि जागा सोडून दुसरीकडं बसायचं नाही. तुमच्या मालकांनी दिलेला पेढा मी खाल्ला होता, आणि तो चांगला होता. शुक्रवारी वेळेवर या.